फारसी आणि नावाहो : भाषा, सत्ता आणि शाळा

भाषांची तुलना करताना आपण बहुधा एकाच कुळातील भाषा निवडतो. मराठी व हिंदी, पाली व संस्कृत. प्रस्तुत लेखातील दोन भाषांचे एकमेकींशी कोणतेही नाते नाही. फारसी ही इराणची भाषा. अफगाणिस्तानात तिला दरी आणि ताजिकिस्तानात ताजिक म्हणतात. नावाहो ही अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील, मुख्यतः ॲरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांतील, एका आदिवासी समाजाची भाषा. हे लोक स्वतःला ‘दिने’ म्हणजे ‘माणसे’ म्हणवतात आणि आपल्या भाषेला ‘दिने बिझाद’, माणसांची भाषा. पहिली भाषा शतकानुशतके दरबारांत मानाने नांदली. दुसरी शाळेच्या आवारात उच्चारली तरी मुलांना शिक्षा होई. हा फरक भाषेच्या अंगचा की बाहेरून लादलेला, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणे साहजिक आहे.

फारसी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ती इंडो-युरोपीय कुळातील असल्याने संस्कृत, पाली व मराठीची दूरची आप्त आहे. संस्कृत ‘सप्त’, पाली ‘सत्त’, मराठी ‘सात’ आणि फारसी ‘हफ्त’ ही एकाच मुळाची रूपे. ‘हफ्त’वरून सात दिवसांचा ‘हफ्ता’ झाला व तोच आपल्याकडे ‘हप्ता’ म्हणून रुळला. बाजार, दरवाजा, जमीन, कागद हे शब्द फारसीतून आले. आपल्या विद्यार्थ्यांच्या पाठीवरचे दप्तरसुद्धा. फारसीत मूर्तीला ‘बुत’ म्हणतात आणि हा शब्द ‘बुद्ध’ या नावावरून आला असे अभ्यासक मानतात. बाल्ख येथील ‘नौबहार’ हे नाव म्हणजे ‘नवविहार’. सातव्या शतकात ह्युएन त्संग त्या विहारात जाऊन आला होता.

त्याच शतकात अरबांनी इराण जिंकला. फारसीने पुढे अरबी लिपी घेतली, हजारो अरबी शब्द घेतले, तरी ती टिकली, इ. स. 1010 च्या सुमारास फिरदौसीने ‘शाहनामा’ पूर्ण केला. दख्खनमध्ये बहमनी काळापासून ती कारभाराची भाषा झाली. तिचा पगडा एवढा होता की शिवाजी महाराजांना रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. मात्र ज्या फारसीने अरबीपुढे स्वतःला राखले, तिच्याच नावाने विसाव्या शतकात रझाशाहने अझरी व कुर्दी मुलांच्या मातृभाषांना शाळेत स्थान नाकारले, हेही नोंदवले पाहिजे.

फारसीशी आपला आणखी एक संबंध आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या बाबासाहेबांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते दार बंद झाले आणि त्यांनी फारसी घेतली. 1912 साली ते बी. ए. झाले, तेव्हाही इंग्रजीसोबत फारसी त्यांच्या विषयांत होती. संस्कृत त्यांनी पुढे स्वप्रयत्नाने आत्मसात केली. पालीचे व्याकरण व शब्दकोश यांवरील त्यांचे काम शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन व भाषणे मालेच्या सोळाव्या खंडात आहे.

आता रचनेकडे वळू. दोन्ही भाषांत, मराठीप्रमाणेच, क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. दोन्हींत व्याकरणिक लिंग नाही. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ दोघांसाठी ‘ऊ’ हा एकच शब्द पुरतो. (सर्वनाम एक असले म्हणून इराणच्या स्त्रीला समान हक्क मिळाले असे मात्र झाले नाही.) पुढे वाटा वेगळ्या होतात. फारसीत साधी क्रियापदे मोजकी. नामाला ‘करणे’, ‘मारणे’ यांसारखे क्रियापद जोडून काम भागते. ‘हर्फ जदन’, शब्दशः ‘शब्द मारणे’, म्हणजे बोलणे. नावाहोत सारी समृद्धी क्रियापदात साठलेली. कर्ता, कर्म, क्रियेची रीत हे सारे धातूच्या आधी जोडलेल्या उपसर्गांत मावते आणि एक शब्द म्हणजे पुरे वाक्य होते. ‘मला दे’ एवढे म्हणायलाही वस्तूचा आकार ध्यानात घ्यावा लागतो. चेंडूसारखी गोल घट्ट वस्तू, काठी, दोरी, कापड, पाण्याने भरलेले भांडे, प्रत्येकासाठी धातू निराळा. शिवाय स्वर उंच की खालचा, यावरून अर्थ बदलतो. एवढ्या काटेकोर भाषेला रानटी ठरवण्यात आले, यावरून ठरवणाऱ्यांची पारख कळते.

1864 साली अमेरिकन सैन्याने हजारो नावाहोंना शेकडो किलोमीटर पायी चालवत नेऊन बॉस्क रेडोंडो येथे डांबले. चार वर्षांनी, 1868 च्या तहाने, ते मायभूमीला परतले. पण 6 ते 16 वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवण्याचे बंधन त्या तहातच होते. शिक्षण लाभावे म्हणून झगडणाऱ्या आपल्या समाजाला ही अट वरदान वाटेल. परंतु ती शाळा कोणाची होती? मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात. 1887 मध्ये सरकारी आयुक्तांनी आदिवासी भाषांना शाळांत मनाई केली. मातृभाषेत बोलणाऱ्या मुलांचे तोंड साबणाने धुतले जाई.

1942 मध्ये त्याच सरकारला जपानविरुद्धच्या युद्धात शत्रूला उलगडणार नाही असे सांकेतिक संभाषण हवे होते. 29 नावाहो तरुणांनी ते आपल्या भाषेतून रचले. पाणबुडी म्हणजे ‘लोखंडी मासा’, बॉम्ब म्हणजे ‘अंडी’, रणगाडा म्हणजे ‘कासव’. युद्ध संपेपर्यंत सुमारे 400 नावाहो सैनिकांनी हे काम केले. त्यांच्यातील कित्येक त्याच निवासी शाळांत वाढलेले होते. घरी परतल्यावर ॲरिझोना व न्यू मेक्सिकोत त्यांना मतदानाचा हक्क नव्हता. तो 1948 मध्ये न्यायालयामार्फत मिळाला. त्याच वर्षी बाबासाहेब प्रौढ मताधिकार देणारा संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडत होते. सांकेतिक संभाषणाची गुप्तता 1968 मध्ये उठली आणि पहिल्या 29 जणांसाठी सुवर्णपदके दिली गेली ती 2001 मध्ये.

आज नावाहो बोलणारे सुमारे 1 लाख 70 हजार आहेत. नवी पिढी इंग्रजीकडे वळत असल्याने काळजी मिटलेली नाही. तरी ही भाषा शाळेत परतली, त्याचा आरंभ 1966 साली ॲरिझोनातील रफ रॉक येथे झाला. तेथील निवासी शाळेचा कारभार नावाहोंनीच निवडलेल्या मंडळाकडे आला. त्या मंडळातील बहुतेकांचे स्वतःचे शालेय शिक्षण अगदी थोडे होते. त्यांच्या शाळेत मुले इंग्रजीबरोबर नावाहोतही लिहू-वाचू लागली आणि गावातील आईवडील आळीपाळीने वसतिगृहात राहून मुलांची देखभाल करू लागले.