नोकरी सोडून धंद्यात आलात? पीएफमधल्या पेन्शनचा क्लेम कधी करायचा, कसा करायचा

या आठवड्याच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच होता. “सर, कंपनी सोडली, दुकान टाकलं, पीएफ काढून घेतला. पण पासबुकमध्ये पेन्शनच्या रकान्यात अजून पैसे दिसतात. ते काढू की राहू देऊ?” व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण हा विषय दोन मिनिटांचा नाही. शांतपणे वाचा, आणि शक्य असेल तर घरात नवरा-बायकोने एकत्र बसून वाचा. का, ते पुढे कळेल.

आधी हे पैसे कुठून आले ते बघू. तुमच्या पगारातून १२ टक्के पीएफ कापला जायचा, तेवढाच वाटा कंपनीही भरायची. तुमचे १२ टक्के सगळे पीएफमध्ये गेले. कंपनीच्या १२ मधले ८.३३ टक्के मात्र दुसऱ्याच डब्यात पडत होते. तो डबा म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस. ही १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून पगाराची मर्यादा १५,००० आहे, म्हणजे तुमचा पगार तीस हजार असला तरी साधारणपणे महिन्याला १,२५० रुपयेच त्या डब्यात जातात. त्यावर व्याज लागत नाही. म्हणून पासबुकातला आकडा बघून “एवढेच?” असं वाटतं. तो आकडा डोक्यातून काढा. इथे रकमेला नाही, वर्षांना किंमत आहे.

हिशेब असा: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार (कमाल १५,०००) गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. दहा वर्षं भरली असतील तर १५,००० × १० ÷ ७०, म्हणजे महिना सुमारे २,१४३ रुपये, वयाच्या ५८ पासून मरेपर्यंत. २०१४ च्या आधीची सेवा ६,५०० च्या जुन्या मर्यादेने धरतात, त्यामुळे जुन्या लोकांचा आकडा कमी येतो. २० वर्षं पूर्ण झाली तर हिशेबात २ वर्षं जास्तीची मिळतात. पण आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण २० वर्षं नोकरीत थांबलेले नाहीत, नाहीतर इथे कशाला आले असते!

दहा वर्षांची रेघ

तुमचा पूर्ण निर्णय या रेघेच्या कुठल्या बाजूला तुम्ही आहात त्यावर आहे. सहा महिने किंवा जास्त असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षं ६ महिने झाली की दहा झाली असं समजा.

दहा झाली असतील तर पेन्शनचे पैसे एकरकमी काढताच येत नाहीत. काढायचा प्रयत्न करून क्लेम रिजेक्ट झाला म्हणून चिडू नका, पेन्शन तुमच्या नावावर पक्की आहे. फॉर्म १० सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या. त्यावर तुमच्या सेवेची वर्षं आणि कुटुंबाची नावं असतात. यूएएनने उमंग अ‍ॅपवरूनही अर्ज करता येतो.

दहाच्या आत असाल तर दोन रस्ते. एक, त्याच १० सी ने पैसे काढून घेणं. दोन, तेही सोडून स्कीम सर्टिफिकेट घेणं.

उदाहरण धरू. वय ३३, नोकरी ८ वर्षं, पेन्शनचा पगार १५,०००. काढून घेतले तर ईपीएफओच्या तक्त्याप्रमाणे सुमारे १ लाख २३ हजार मिळतात. न काढता पुढे कधी दोन वर्षं नोकरी केलीत आणि दहा पूर्ण केलीत, तर ५८ व्या वर्षापासून महिना २,१४३.

आता प्रामाणिकपणे सांगतो, निव्वळ पैशाचा हिशेब केला तर काढून घेणं जिंकतं. ते १ लाख २३ हजार पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर २५ वर्षं राहिला असं धरलं, तर सुमारे ६ लाख ८५ हजार होतात. त्यावर ६ टक्क्यांनी महिना ३,४०० च्या आसपास व्याज, आणि मुद्दल तसंच. पेन्शन २,१४३, आणि ती महागाईबरोबर वाढतही नाही.

मग काढा म्हणायचं का? थांबा. हा हिशेब पैसे पीपीएफमध्ये टाकणाऱ्याचा आहे. माझ्या ट्रेनिंगला येणाऱ्यांना मी विचारतो तेव्हा ते पैसे गाळ्याच्या डिपॉझिटमध्ये, फर्निचरमध्ये, पहिल्या दिवाळीच्या मालात गेलेले असतात. त्यात चूक काही नाही, धंद्याला भांडवल लागतंच. पण मग “मी पेन्शनपेक्षा चांगलं गुंतवलं” असं म्हणू नका. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने पेन्शनचे पैसे काढण्याची मुदत बेरोजगारीच्या २ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. म्हणजे दुकानाच्या उद्घाटनाच्या बजेटमध्ये ही रक्कम धरूच नका.

अजून एक गोष्ट, जी फार जणांना माहीत नसते. पेन्शन काढून टाकलीत, धंदा चालला नाही आणि पुन्हा १५,००० च्या वर बेसिक असलेली नोकरी धरलीत, तर तुम्ही ईपीएसमध्ये नव्याने शिरू शकत नाही. दार बंद. सर्टिफिकेट असेल तर जुनी वर्षं नव्या नोकरीला जोडली जातात. स्वतःच्या प्रोप्रायटरी दुकानात मात्र तुम्ही कामगार नाही, मालक आहात, तिथून ही वर्षं वाढणार नाहीत.

मागे राहणाऱ्यांचं काय

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई आल्या होत्या, मसाल्यांचा घरगुती व्यवसाय वाढवायचा म्हणून. नवऱ्याने ११ वर्षं एमआयडीसीत नोकरी केली, मग सोडून स्वतःचं वेल्डिंगचं शॉप टाकलं. पीएफ काढून त्यातच घातला. चाळिशीतच ते गेले. शॉपचं कर्ज फेडायला मशिनरी विकली. तीन वर्षांनी भांडवलाच्या क्लासमध्ये मी “जुन्या खात्यांची यादी आणा” म्हटलं तेव्हा यूएएनचा कागद निघाला. ताई म्हणाल्या, “सर, पीएफ तर त्यांनीच काढला होता, आता तिथे काय असणार?” पीएफ काढला होता. पेन्शन तिथेच होती, कारण ११ वर्षांची पेन्शन काढताच येत नाही.

दहा वर्षं झालेला सभासद नोकरी सोडल्यानंतर, ५८ च्या आधी वारला, तरी विधवेला पेन्शन लागू होते, आणि ती मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून. क्लेम उशिरा केला तरी मागची थकबाकी मिळते. ताईंनी फॉर्म १० डी भरला. पहिल्यांदा परत आला, कारण नवऱ्याच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं लग्नाआधीचं नाव होतं आणि आधारवर लग्नानंतरचं. दुसऱ्यांदा झाला. त्यांची महिन्याची रक्कम इथे लिहीत नाही, पण नियम लिहितो: विधवा किंवा विधुर पेन्शन किमान १,००० रुपये. त्याशिवाय एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकाला त्या पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०, वयाच्या २५ पर्यंत. आई-वडील दोघंही नसतील तर अनाथ पेन्शन ७५ टक्के, किमान ७५०. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन थांबते आणि मुलांना अनाथ पेन्शनच्या दराने सुरू होते.

नोकरीत असतानाच मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी कुटुंबाला पेन्शन मिळते. आणि दहाच्या आत नोकरी सोडून स्कीम सर्टिफिकेट घेतलेला माणूस ५८ च्या आधी गेला, तरीही कुटुंबाचा हक्क राहतो. पैसे काढून घेतलेल्याच्या कुटुंबाला यातलं काहीच नाही. वरच्या पीपीएफच्या हिशेबात ही गोष्ट कुठेच दिसली नव्हती, बरोबर? म्हणून माझं मत असं आहे: लग्न झालंय, मुलं लहान आहेत, टर्म इन्शुरन्स नाही, तर सर्टिफिकेट घ्या. टर्म इन्शुरन्स चांगला आहे, पुन्हा नोकरी करणार नाही हे नक्की आहे आणि सेवा तीन-चारच वर्षांची आहे, तर काढा आणि खरोखर गुंतवा. कारण दहा वर्षं कधीच भरली नाहीत तर ५८ ला सर्टिफिकेटवर पेन्शन मिळत नाही, फक्त तक्त्यातली एकरकमी रक्कम मिळते.

५० ला, ५८ ला की ६० ला?

दहा वर्षं झालेल्यांसाठी हा पुढचा प्रश्न. ५० नंतर, नोकरीत नसाल तर, लवकर पेन्शन घेता येते. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वेळा ४ टक्के कपात. उलट ६० पर्यंत थांबलात तर दर वर्षाला ४ टक्के वाढ.

समजा ५८ ला ३,००० मिळणार आहेत. ५५ ला घेतली तर सुमारे २,६५० मिळतील. तीन वर्षांत हातात साधारण ९५,००० आधी आले. महिन्याला ३५० कमी. ते ३५० भरून निघायला ५८ च्या पुढे साडेबावीस वर्षं लागतात, म्हणजे वय ८० च्या पुढे. ६० पर्यंत थांबणाऱ्याचंही तसंच: दोन वर्षांचे ७२,००० सोडून महिन्याला साधारण २४० जास्त, ते भरून यायला पंचवीस वर्षं.

मला विचाराल तर ६० पर्यंत थांबू नका. ५८ च्या आधी घ्यायची का, ते धंद्यावर ठरवा. धंदा चालू आहे, घर त्यावर चाललंय, तर ५८ पर्यंत थांबा. एकदा सुरू केलेली कमी पेन्शन ५८ ला आपोआप पूर्ण होत नाही, कपात कायमची असते, आणि तुमच्यामागे जोडीदाराला मिळणारी पेन्शन ही तुमच्या पेन्शनच्या निम्मी असते. पण ५४ व्या वर्षी उधारी अडकली आणि तुम्ही महिना दोन टक्क्यांनी खाजगी सावकाराकडून घेताय, अशी वेळ असेल तर लवकर घ्या. चार टक्के कपात वर्षाची आहे, ते व्याज महिन्याचं आहे.

आजच करायची कामं

यूएएनने लॉग इन करा. प्रत्येक नोकरीची सोडल्याची तारीख दिसते का बघा. कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः टाकू शकता. दोन-तीन कंपन्यांचे वेगवेगळे मेंबर आयडी असतील तर एकत्र करून घ्या. चार आणि सहा वर्षं वेगवेगळी दिसली तर दहा होत नाहीत.

ई-नॉमिनेशन भरा, फोटोसकट. ते भरलेलं असेल तर मागे राहिलेल्या माणसाला क्लेम ऑनलाइन करता येतो. नावं, जन्मतारखा आधारप्रमाणे. बायकोचं नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे असेल तर आत्ता दुरुस्त करा, तुम्ही स्वतः जिवंत असताना ते काम सोपं आहे.

१० डी ला लागणारी कागदं एका पिशवीत: बँक पासबुक, सगळ्यांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, स्कीम सर्टिफिकेट. कुटुंबाने क्लेम केला तर वर मृत्यूचा दाखला. जानेवारी २०२५ पासून पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेत, कुठल्याही शाखेत घेता येते, त्यामुळे जुन्या गावच्या बँकेत खेटे घालायची गरज नाही. सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला, जीवन प्रमाण, मोबाइलवरूनही होतो. तो चुकला की पेन्शन थांबते.

ज्यांनी कधी पीएफची नोकरीच केली नाही त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे: १८ ते ४० वय, ६० नंतर १,००० ते ५,००० महिना. तिशीत सुरू केलं तर ५,००० साठी महिना ५७७ रुपये, पस्तिशीत ९०२. तुमच्यानंतर जोडीदाराला तेवढीच पेन्शन, आणि दोघांनंतर जमा रक्कम नॉमिनीला. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून यात नव्याने खातं उघडता येत नाही, त्यामुळे पहिलं रिटर्न भरून टॅक्स लागायच्या आधी हे बघा. तिचा हिशेब पुढच्या व्हिडिओत फळ्यावर मांडून दाखवतो.