पाठीवर छापलेले वॅट

भाऊ, तुझ्या २२० सीसी मोटरसायकलच्या फेअरिंगमध्ये अ‍ॅम्प बसवायचा बेत मला आईकडून कळला, तेही "बघ गं, हा आता गाडीवर डीजे लावणार" अशा शब्दांत. आईला मी आवरते. आखाजीच्या सणाला सुरतच्या गोडादऱ्यातून गावी निघायचं म्हणजे कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर आणि पुढे घाट. एवढ्या पल्ल्याला गाणी हवीशी वाटली तर त्यात गैर काय? माझं भांडण गाण्यांशी नाही. तू मला ज्या अ‍ॅम्पचा फोटो पाठवलास आणि ज्याच्या पाठीवर '२००० वॅट' छापलंय, त्याच्याशी आहे.

दुकानात माझ्या टेबलावर असले अ‍ॅम्प रोज पोट उघडून पडलेले असतात, म्हणून सांगते. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. अ‍ॅम्पच्या आत व्होल्टेज वाढवणारं वेगळं सर्किट नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून किती ताकद मिळेल हा दहावीच्या विज्ञानातला हिशेब आहे. १४ चा वर्ग १९६, भागिले ओहमची दुप्पट, म्हणजे ८. साडेचोवीस वॅट. त्यातलं थोडं आयसी खातं, म्हणजे विसा-बाविसाच्या पुढे आवाज फाटायला लागतो. दोन स्पीकर धरले तर चाळीस-पंचेचाळीस. मग दोन हजार आले कुठून? छापखान्यातून. आणि समजा, खरोखर दोन हजार वॅटचा मिळाला, तर त्याला दीडशेच्या वर अँपिअर लागतील. तुझी बॅटरी ९ अँपिअर-अवरच्या आसपासची. विषय संपला.

तू म्हणशील, गोल्डविंगवर कसं चालतं? ती गोष्टच निराळी रे. होंडाने १९८० साली गोल्डविंग इंटरस्टेट काढली तेव्हापासून तिला फेअरिंग कारखान्यातूनच येतं, आणि २००१ च्या मॉडेलचा अल्टरनेटर हजार वॅटच्या पुढचा होता. तिच्यात गाणी धरूनच वीज मोजलेली असते. तुझ्या गाडीची मॅग्नेट कॉइल मोजलीय ती हेडलाइट, इग्निशन, हॉर्न आणि बॅटरी भरण्यापुरती. एकटा हेडलाइटचा बल्बच ५५ वॅट ओढतो. सहारा दरवाजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी आयडलवर उभी असली की कॉइल आणखी कमी देते. त्यात तुझ्या गाडीला किक नाही. कोंडाईबारीच्या घाटात चहाला थांबलास, गाणी चालू ठेवलीस आणि सेल्फने नुसतं टक् केलं, तर बॅगांसकट धक्का मारत बसशील.

तेव्हा क्लास डीचा छोटा अ‍ॅम्प घे. दोन चॅनेल, १४ व्होल्टवर खरे वीस-वीस वॅट देणारा. जुन्या क्लास एबीच्या अ‍ॅम्पमध्ये बॅटरीतून घेतलेल्या विजेपैकी बरीचशी नुसती उष्णता होऊन जाते. क्लास डीमध्ये पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. तुझ्यासाठी हा मुद्दा विजेपेक्षा उष्णतेचा जास्त. आखाजी येते एप्रिल-मेमध्ये, आपल्याकडचं ऊन तुला माहीत आहे. वरून फेअरिंग बंद डब्यासारखं, आणि आत हेडलाइटची पाठ तापलेली. म्हणून अ‍ॅम्प हेडलाइटच्या मागे कोंबायचा नाही. खालच्या बाजूला, जिथून वारा शिरतो तिथे, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ब्रॅकेटला बोल्टने कसून तिच्यावर बसव. अ‍ॅम्पच्या अंगाचा ताप उतरवायला तीच पट्टी कामी येते. पट्टी आणि ब्रॅकेटमध्ये रबराचे वॉशर, वर नायलॉक नट. प्लास्टिकला थेट स्क्रू मारू नकोस. महामार्गाच्या थरथरीत आधी भोक मोठं होतं, मग चीर जाते. काही पोरं अ‍ॅम्पला फोम गुंडाळतात, धक्का लागू नये म्हणून. तो धक्क्याने नाही, उकडून मरतो.

आता वायरिंग. खरं काम इथेच आहे, आणि लोक इथेच कंजुषी करतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा, १० अँपिअरचा. बरेच जण तो अ‍ॅम्पजवळ लावतात. तिथला फ्यूज अ‍ॅम्पला वाचवतो, वायरला नाही. मागच्या बॅटरीपासून पुढच्या फेअरिंगपर्यंत वायर टाकीखालून जाते. तिथे ती चेचली गेली आणि चेसिसला लागली, तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंत लालबुंद होईल, आणि वर पेट्रोल आहे. वायर २.५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची, वरून स्लीव्ह घातलेली. हॉर्नच्या किंवा हेडलाइटच्या वायरीवरून अ‍ॅम्प चालवू नकोस. चावी फिरवल्यावर ज्या वायरीत करंट येतो तिच्यावर फक्त रिले चालव, आणि अ‍ॅम्पचा करंट रिलेतून सरळ बॅटरीचा घे. चावी काढली की अ‍ॅम्पही बंद. निगेटिव्हही परत बॅटरीलाच जोड. चेसिसला कुठेतरी अर्थ दिलास, तर अ‍ॅक्सिलरेटर पिळशील तशी गाण्यामागे चिंऽऽ अशी शिट्टी चढत जाईल. मग लोक अ‍ॅम्प बदलतात, स्पीकर बदलतात, आणि शिट्टी जिथल्या तिथे.

जोड थिंबल दाबून कर. पीळ देऊन काळी टेप गुंडाळायची, हे घरातल्या पंख्यालाही करू नये. नुसतं सोल्डरही नको. सोल्डर तारांमध्ये शिरतं, वायर तेवढ्या जागी ताठ होते आणि थरथरून नेमकी तिथेच तुटते. बांधाबांध झाली की हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरव आणि टॉर्च घेऊन आत बघ. तुझं फेअरिंग चेसिसला धरलेलं आहे, हँडल मात्र वळतं. मधल्या वायरी ताणल्या जात असतील किंवा हँडलमध्ये चिमटत असतील, तर सगळं सोडून पुन्हा बांध.

पावसाचं सांगते. मागच्या श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आसपास, एक मुलगा असाच अ‍ॅम्प घेऊन आला होता. बाहेरून कोरा, आत बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवट बुरशीसारखा थर आणि तांब्याची रेघ खाऊन गेलेली. पाणी वरून पडलंच नव्हतं. वायरीवरून ओघळत कनेक्टरमधून आत गेलं होतं. म्हणून कनेक्टरची तोंडं खाली ठेव, आणि प्रत्येक वायर अ‍ॅम्पमध्ये शिरण्याआधी अ‍ॅम्पच्या खाली उतरून मग वर येऊ दे. पाणी त्या खालच्या वाकावरून टपकून जातं. फुकटचा उपाय आहे, पण दहांपैकी नऊ गाड्यांत दिसत नाही.

स्पीकर कागदी कोनचे घेऊ नकोस, प्लास्टिकच्या कोनचे घे. बोटीवर वापरतात तसे. ढोल मात्र विसर. छोट्या स्पीकरला मागे नीट पेटी नसते, आणि जो काही ढोल निघेल तो वारा खाऊन टाकतो. अ‍ॅम्पवर हाय-पास असेल तर १०० हर्ट्झच्या आसपास ठेव, म्हणजे स्पीकर उगाच धडपडणार नाहीत आणि गाण्यातला माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू येईल.

आणि वाऱ्याशी आवाजाने भांडू नकोस. शंभरच्या वेगाला हेल्मेटमध्ये नुसत्या वाऱ्याचाच आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. त्याच्यावर गाणं चढवायला गेलास तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट करूनही हाती लागतात फक्त ३ डेसिबल. कानाचा हिशेब मात्र उलटा चालतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं मानलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते आणि ९४ ला एकच तास उरतो. गाणी सत्तरच्या वेगाच्या आत गाडी चालवताना ऐक. त्याच्या पुढे बंद कर आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐक. बारडोलीच्या पट्ट्यात उसाने भरलेली वाहनं कशी येतात, ते मी तुला सांगायला नको.

सिग्नलवर तर आवाज कमीच. स्मीमेर हॉस्पिटलसमोरून जातोस ना? हॉस्पिटलच्या भोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. रात्री दहानंतर आपल्या गल्लीत शिरताना बटणच दाब. सकाळच्या पाळीला जाणारी माणसं झोपलेली असतात. गाडीत बेकायदा बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा भुर्दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. म्हणून गाडीचा मूळ सांगाडा, दिवे, हॉर्न यांना हात नको, आणि कंपनीच्या वायरिंगला ब्लेड तर नकोच. उद्या शॉर्टसर्किट होऊन काही झालं, तर विमावाले पहिल्यांदा कापलेली वायरच शोधतील. जे लावशील ते तासाभरात काढता येईल असं लाव.

एक गोष्ट उघडच बोलते. तुझ्या मित्रांना तुझ्या गाडीचा आवाज चौकातून ऐकू यावा, असं तुला वाटतंय. वीस वॅटमध्ये ते होणार नाही. तुला, मागे बसली तर तुझ्या बायकोला आणि टपरीवर गाडी लावलीस तर शेजारच्या दोघांना ऐकू येईल, एवढंच. चौकात वाजवायचं असेल तर त्यासाठी गणपतीचं मंडळ आहे, तिथे हौस भागव.

तो दोन हजारवाला परत कर, पावती असेल तर आजच. रविवारी दुपारी गाडी घेऊन ये, बॅटरी रात्रभर चार्ज केलेली असू दे. आधी मीटर लावून बघू. बंद गाडीवर १२.६ च्या आसपास आणि इंजिन थोडं चढवल्यावर चौदाच्या पुढे आकडा आला, तर काम सुरू करू. नाही आला तर आधी आर.आर. (रेग्युलेटर-रेक्टिफायर) आणि कॉइल तपासायची, अ‍ॅम्पचं नंतर. तोवर फेअरिंगचा एकही स्क्रू खोलू नकोस.