टॅली अडकतं, केबल टाकू का?

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात १२ संगणक आहेत. वायफायवर टॅली सारखं अडकतं. भिंती फोडून केबल टाकावी का?

उत्तर : केबल टाकाच, पण भिंती फोडू नका, प्लास्टिकच्या पट्टीतून ती छान नेता येते. वायफायच्या एका चॅनेलवर सगळी यंत्रं आळीपाळीनंच बोलतात, त्यात शेजारच्या कार्यालयांचीही भर पडते. कॅट-६ केबलीत प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतंत्र वाट मिळते, १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट वेगानं. केबल अस्सल तांब्याचीच घ्या. मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल मी कुणालाही घेऊ देत नाही. समोरच्या इमारतीत जोडणी न्यायची झाली तर मात्र फायबर टाका, कारण पावसाळ्यात जवळपास वीज पडली तर तांब्याच्या तारेतून स्विच जळू शकतात. मोबाइलपुरतं वायफाय राहू द्या.