वाकल्यावरही न सुटणारी पाठ

नंदुरबारला मिरचीचा हंगाम सुरू झाला, की मिरची वाळवण्याच्या पथारीवरच्या बायका माझ्याकडे येऊ लागतात. "ताई, कंबर दुखस." अकरा वर्षं फिजिओथेरपी करतेय, त्यातली दोन माझीच कंबर धरलेली होती.

१. दुखरी पाठ आळशी नसते. निरोगी माणूस पुढे पूर्ण वाकला, की मणक्यालगतचे स्नायू शेवटी सैल पडतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५५ मध्ये स्नायूंतली विद्युत हालचाल नोंदवून हे सविस्तर मांडलं. जुनाट कंबरदुखीत हे स्नायू पुष्कळदा शेवटपर्यंत आवळलेलेच राहतात. त्यांना ताकदीआधी सुट्टी हवी असते.

२. हात जमिनीला टेकले म्हणजे कंबर वाकली, असं नाही. उभ्या माणसाच्या कंबरेवर दोन खळगे दिसतात. त्यांच्या रेषेपासून १० सेंटिमीटर वर आणि ५ सेंटिमीटर खाली मी पेनाने खूण करते. वाकल्यावर हे १५ चं अंतर साधारण २० व्हायला हवं. दिवसभर देठ खुडणाऱ्या एका मावशींचे तळवे सहज टेकले, अंतर मात्र १७ भरलं. सगळं वाकणं खुब्यातून होत होतं, कंबर फळीसारखी.

३. "वाकू नका" हा सल्ला मी वर्षानुवर्षं दिला, याचं आज वाईट वाटतं. मिरची जमिनीवर पसरलेली असताना या बायकांनी वाकायचं नाही तर काय? माझी कंबर धरली तेव्हा मलाही तेच सांगितलं गेलं होतं. मग चप्पल उचलतानाही मी श्वास रोखून पाठ ताठ धरायचे, आणि दुखणं वाढत गेलं.

४. कंबरेच्या पट्ट्यावर पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारात तो नको, व्यायाम हवा, असंच सांगितलं.

५. चहाच्या सुट्टीत हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन, श्वास सोडत पाठ हळूहळू वर गोल करायची, मग खाली सोडायची. दहा वेळा. मात्र लघवीवरचा ताबा सुटला, पायातली ताकद गेली, ताप येऊन वजन घटू लागलं, तर व्यायाम नाही, लगेच दवाखाना.

त्याच मावशींचं माप परवा १९ भरलं. त्यांनी टेप माझ्या हातातून घेतली. "आते तुनी," म्हणाल्या आणि मला वाकायला लावलं.