नंबर पडला म्हणजे अपील चाललं असं धरू नका

कंधार तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन, भावकीतला वाटणीचा दावा, खालच्या कोर्टात आमच्या बाजूने निकाल आणि नांदेडच्या जिल्हा न्यायालयात तो उलटलेला. जास्त सांगत बसत नाही, मराठवाड्यात घरोघरी हेच आहे. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात द्वितीय अपील करायचं ठरलं. मुदत ९० दिवसांची असते. आम्ही मुदतीच्या आत नक्कल दिली, मागितली तेवढी फी दिली. "नंबर पडला" असं वकिलांनी सांगितलं.

पुढे प्रत्येक फोनला एकच उत्तर, "बोर्डावर आलं की कळवतो." मराठवाड्यातल्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागू नये म्हणून २७ ऑगस्ट १९८१ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. पण लातूरहून अंबाजोगाई, बीड करत रात्रभर एसटीने जाऊनही आम्हाला भेटायचा तो वकिलांचा कारकून. "साहेब कोर्टात आहेत."

मग तलाठ्याची फेरफाराची नोटीस आली. समोरच्यांच्या अर्जात लिहिलं होतं, 'उच्च न्यायालयातील अपील नामंजूर'. मला वाटलं, हे धडधडीत खोटं आहे. सज्जाच्या ओट्यावर बसूनच भाचीने मोबाइलवर प्रकरण शोधलं. निकाली! खाली चार ओळींचा हुकूम होता : कार्यालयीन हरकती दिलेल्या मुदतीत दूर न केल्यास अपील आपोआप नामंजूर समजावे. त्या चार ओळींत आमच्या जमिनीबद्दल एक शब्द नव्हता. कोणत्याही न्यायमूर्तींसमोर आमची बाजू मांडलीच गेली नव्हती. हरकती काय होत्या, ते नव्या वकिलांनी काढून दाखवलं. कोर्ट फी थोडी कमी, आणि निकालाच्या अस्पष्ट पानांची टंकलिखित प्रत जोडलेली नाही. एका दुपारचं काम!

जुन्या वकिलांना फोन केला तर म्हणाले, "पाठपुरावा तुम्ही करायचा असतो." फाईल मागितली तर "आधी बाकी भरा." बाकी कसली, हे आजवर सांगितलेलं नाही. फीसाठी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तसं लेखी पत्र दिलं, तेव्हा फाईल हातात पडली.

म्हणून नांदेड-लातूरकडच्या पक्षकारांना सांगतो :

नंबर पडला की सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून घ्या. पहिला प्रश्न विचारा, "हरकती निघाल्या का, कोणत्या, कधी दूर करणार?" कोर्टाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला स्वतः बघा. घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं हे करू शकतं.

अपील केलं म्हणजे खालच्या हुकमाला स्थगिती मिळाली असं होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून आदेश घ्यावा लागतो.

द्वितीय अपिलात साक्षीपुरावा पुन्हा उगाळला जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. तुमच्या प्रकरणात तो कोणता, हे वकिलाकडून मराठीत समजून घ्या.

समोरच्यांपैकी कोणी वारलं तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणायचा अर्ज द्या. भावकीच्या दाव्यात पक्षकार म्हातारे असतात आणि अपिलं इथेच संपतात.

फौजदारीत सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की खंडपीठात अपिलाची मुदत सर्वसाधारणपणे ६० दिवसांची. तुरुंगातल्या माणसाला, महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदाच तसा आहे. नुसता वकील आला नाही म्हणून फौजदारी अपील फेटाळता येत नाही, कागद बघून गुणवत्तेवर निर्णय द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये बनी सिंग प्रकरणात हे सांगितलं. दिवाणीत हा आधार नाही.

वकिलाच्या कसुरीची शिक्षा निरपराध पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने रफिक प्रकरणात १९८१मध्येच म्हटलं. त्याच जोरावर आम्ही अपील पुन्हा दाखल करून घेण्याचा आणि विलंब माफीचा अर्ज केला. फीच्या पावत्या, फोनवरचे संदेश, एसटीची तिकिटं, सगळं जोडलं. अर्ज अजून प्रलंबित आहे.

वकिलाचा मान राखा, पण वकीलपत्राची प्रत, फीची पावती आणि सीएनआर क्रमांक हातात आल्याशिवाय त्यांच्या ऑफिसातून उठू नका.