हात धुण्याचा धडा : शाळेत करता येण्याजोगे दोन प्रयोग

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले मेढा हे गाव वेण्णा नदीच्या काठी वसले आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी ही नदी मेढ्यावरून पुढे जाऊन साताऱ्याजवळ माहुली येथे कृष्णेला मिळते. सह्याद्रीच्या कुशीतील हा मुलूख पावसाचा. आषाढ-श्रावणात ओढे दुथडी भरून वाहतात, भाताच्या खाचरांत लावणीची धांदल उडते आणि मुले चिखल तुडवीतच शाळेच्या पायरीशी पोहोचतात. पाण्याची अशी सुबत्ता असताना मुलांना हात धुण्याचे वेगळे शिक्षण कशाला हवे, असा प्रश्न कोणासही पडावा.

या प्रश्नाचे उत्तर असे की, चिखल डोळ्यांना दिसतो म्हणून मुले तो आपण होऊन धुतात. जे दिसत नाही, ते मात्र हातावर तसेच राहते. जुलाब, हगवण, विषमज्वर, एका प्रकारची कावीळ आणि पोटातील जंत हे विकार मुख्यतः शौचातील घाण अन्नपाण्यावाटे तोंडात गेल्याने होतात, आणि ही घाण तोंडापर्यंत पोहोचविणारे सर्वांत जवळचे वाहन म्हणजे आपलाच हात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु हातावरच्या जंतूंना आरसा लागतो. तो आरसा वर्गात उभा करणे, हे विज्ञानाच्या शिक्षकाचे काम होय.

न दिसणाऱ्या मळाची कथा

ही अडचण केवळ लहान मुलांची नाही. मोठमोठ्या विद्वानांनाही तिने चकविले आहे. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे एक तरुण डॉक्टर प्रसूतिविभागात काम करीत असत. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर व विद्यार्थी तसेच बाळंतिणींना तपासतात आणि त्यामुळे त्यांना जीवघेणा सूतिकाज्वर होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. मे १८४७ पासून त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्यास भाग पाडले. एप्रिलमध्ये त्या विभागात दर १०० बाळंतिणींमागे सुमारे १८ दगावल्या होत्या. जून महिन्यात हे प्रमाण २ च्या आसपास आले. इतका स्पष्ट पुरावा असूनही अनेक नामवंत सहकाऱ्यांनी तो मानला नाही. डॉक्टरांच्या स्वच्छ दिसणाऱ्या हातांतून मृत्यू येतो, ही गोष्ट त्यांना पटेना. १८६५ मध्ये सेमेलवाइस उपेक्षितावस्थेतच निवर्तले. त्यांच्यापाशी आकडे होते, परंतु जंतू दाखविता येत नव्हते. पुढे पाश्चर व कॉख यांच्या संशोधनाने ती उणीव भरून निघाली.

यावरून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध उघड आहे. ‘हात धुवा’ असे फळ्यावर रोज लिहिल्याने सवय लागत नाही. डोळ्यांदेखत जे घडते, त्यावर मूल विश्वास ठेवते. पुढील दोन प्रयोग त्यासाठीच आहेत. त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातील सामान पुरते.

पहिला प्रयोग : हळद आणि तेल

साहित्य : थोडे गोडेतेल, हळद, अंगाच्या साबणाची साधी वडी आणि पाणी.

कृती : चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून ती मुलांच्या दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत व नखांच्या कडांपर्यंत चोळावी. मुलांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाने केवळ पाण्याने हात धुवावेत. दुसऱ्या गटाने रोजच्या सवयीप्रमाणे साबण लावावा. तिसऱ्या गटाने तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोके आणि मनगटे या क्रमाने, सावकाश २० अंक मोजेपर्यंत साबण चोळावा. पाणी ओतण्यापूर्वी सर्व हात वर्गाने पाहावेत.

निरीक्षण : पहिल्या गटाच्या हातांवरून पाण्याचे थेंब ओघळून जातात आणि पिवळा तेलकटपणा बहुतांशी तसाच राहतो. साबणाच्या हातांवर मात्र नवल दिसते. साबण पोहोचला तेथे हळद तांबूस होते. जेथे पोहोचला नाही, तेथे ती पिवळीच राहते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरोघरी ठाऊक आहे. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीतील रंगद्रव्य अल्कलीच्या संयोगाने तांबडे होते. हळदीपासून कुंकू करताना चुना वापरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. दुसऱ्या गटातील मुलांचे तळवे बहुधा लाल दिसतील. परंतु अंगठ्याचा मागचा भाग, बेचक्या व नखांच्या कडा पिवळ्या राहिलेल्या आढळतील. आपण कोठे चुकतो, हे मुलाला त्याचाच हात सांगतो.

येथे दोन गोष्टींची जाणीव द्यावी. काही पातळ साबण अल्कधर्मी नसतात, त्यांनी रंग पालटणार नाही. म्हणून साधी वडीच घ्यावी. तसेच हात नीट धुतल्यावरही हळदीचा फिकट रंग कातडीवर राहतो. तो मळ नव्हे.

साबणाचे कार्यही याच वेळी समजावून द्यावे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते व दुसरे पाण्याला. त्यामुळे कातडीवरील तेलकट थर आणि त्यात रुतलेले जंतू सुटे होऊन पाण्याबरोबर वाहून जातात. ज्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असते, त्यांचे तर आवरणच साबणाने फुटते. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत साबणाचा एवढा आग्रह धरला गेला, तो यासाठीच.

दुसरा प्रयोग : बटाट्याच्या चकत्या

कातडीवरील जंतू वाढवून दाखविता येतात. त्यासाठी बटाटा पुरतो. रॉबर्ट कॉख हे पुढे कलकत्त्यास येऊन १८८४ मध्ये पटकीच्या जंतूचा छडा लावणारे शास्त्रज्ञ. त्यांनीही आरंभी जंतू वाढविण्यासाठी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्याच वापरल्या होत्या. त्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेत समुद्री शेवाळापासून काढलेल्या अगरचा वापर सुरू झाला. ही सूचना त्यांचे सहकारी हेस यांच्या पत्नी फॅनी हेस यांनी स्वयंपाकघरातील अनुभवावरून केली होती. आपल्याकडे चायना ग्रास म्हणतात, तो हाच पदार्थ.

साहित्य : बटाटे, रुंद तोंडाच्या झाकणाच्या काचेच्या १२ बाटल्या, सुरी, चिमटा व चिकटपट्टी.

कृती : बाटल्या, झाकणे, सुरी व चिमटा १५ मिनिटे पाण्यात उकळावीत. बटाटे स्वच्छ धुऊन, सोलून पुन्हा धुवावेत व उकडून घ्यावेत. सुरीने कापण्याचे काम शिक्षकांनी करावे. चिमट्याने एकेक चकती उचलून १२ चकत्यांचे चार संच करावेत. प्रत्येक संचात ३ चकत्या असाव्यात. पहिल्या संचाला कोणीही स्पर्श करू नये. दुसऱ्या संचाला मधल्या सुट्टीत खेळून आलेल्या मुलाने न धुतलेली बोटे लावावीत. तिसऱ्याला केवळ पाण्याने धुतलेली, आणि चौथ्याला साबणाने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी केलेली बोटे लावावीत. चकती बाटलीत ठेवून झाकण लावावे, त्यावर चिकटपट्टी लावून संचाचा क्रमांक व तारीख लिहावी. बाटल्या उन्हापासून दूर, वर्गातील कपाटावर ठेवाव्यात.

निरीक्षण : दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चकत्यांवर पांढरे, पिवळसर वा चकचकीत ठिपके दिसू लागतात, पुढे बुरशीचे तंतूही दिसू शकतात. आठवडाभर रोज ठराविक वेळी ठिपके मोजून ते तक्त्यात लिहावेत. प्रत्येक ठिपका म्हणजे कोठल्या तरी एका जंतूची अथवा एकत्र चिकटलेल्या काही जंतूंची लक्षावधी संतती होय.

जे दिसले, तेच लिहावे

या प्रयोगातील खरे शिक्षण तक्ता भरताना होते. स्पर्श न केलेल्या चकतीवरही कधी ठिपके उगवतील, कारण मातीतील काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत आणि हवेतील बुरशीही आत शिरते. पावसाळ्यातील दमट हवेत तर हे अधिक घडते. म्हणून पाऊस ओसरल्यावरचे दिवस या प्रयोगाला चांगले. पहिला संच ठेवावयाचा तो याचसाठी. त्याच्याशी तुलना केल्याखेरीज इतर संचांबद्दल काहीच म्हणता येत नाही. प्रत्येक संचात तीन चकत्या घेण्याचे कारणही तेच. एका चकतीवरून निष्कर्ष काढणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा नव्हे, ती निव्वळ सोडत होय.

केवळ पाण्याने धुतलेल्या हातांचा संच कधी कधी न धुतलेल्या हातांइतकाच, किंबहुना अधिकही डागाळलेला आढळेल. मुलांना ते चुकीचे वाटेल, आणि अपेक्षित उत्तर लिहिण्याचा मोह होईल. तो टाळावा. पाण्याने सुटे झालेले जंतू ओल्या बोटांवरून अधिक सहज दुसरीकडे जातात, हे त्याचे एक कारण असू शकते. हात कोरडे करणे हाही धुण्याचाच भाग आहे, हा धडा त्यातून मिळतो.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. चकतीवर वाढलेले सर्वच जंतू रोगकारक नसतात; कातडीवर कायम वसणारे बरेच जंतू निरुपद्रवी असतात. उलट जंताची अंडी किंवा काविळीचे विषाणू बटाट्यावर वाढून दिसणारच नाहीत. प्रयोगाने इतकेच सिद्ध होते की, स्वच्छ दिसणाऱ्या हातावरही सजीव वस्ती असते आणि धुण्याच्या रीतीने ती कमीजास्त होते. पाण्यावर मिरपूड भुरभुरवून साबणाचे बोट टेकताच ती दूर पळते, असाही एक प्रयोग अनेक ठिकाणी दाखवितात. तो मनोरंजक आहे. परंतु तेथे मिरपूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण कमी झाल्यामुळे. जंतू साबणाला भिऊन पळतात, असा समज त्यातून होऊ देऊ नये.

दक्षता : एकदा बंद केलेली बाटली मुलांनी कदापि उघडू नये, हुंगू नये. आठवड्यानंतर शिक्षकांनी झाकणे किंचित सैल करून बाटल्या पाण्यात उभ्या ठेवाव्यात व अर्धा तास उकळाव्यात. मग चकत्या खोल खड्ड्यात पुराव्यात. या बाटल्या पुन्हा खाद्यपदार्थांसाठी वापरू नयेत.

वर्गातून पंगतीकडे

प्रयोग संपला आणि दुपारच्या आहाराच्या वेळी साबणच नसला, तर मुले त्यातून वेगळाच धडा घेतील. शाळेतील आहाराच्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ १५ ऑगस्ट १९९५ रोजी झाला. पंगतीत बसणारे मूल हातानेच जेवते. म्हणून ताट मांडण्यापूर्वी साबण मांडला गेला पाहिजे. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाशी टांगली, तर ती चिखलात पडत नाही व हरवतही नाही.

डोंगरावरील वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यातील सुबत्ता उन्हाळ्यात टिकत नाही. तेथे एक सोपी युक्ती उपयोगी पडते. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनला वरच्या बाजूस बारीक भोक पाडून तो दोन खांबांमधील आडव्या काठीला टांगावा. कॅनच्या तोंडाला दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीलगतच्या पायदांडीला बांधावे. पायाने दांडी दाबताच कॅन कलतो व बारीक धार पडते. थोड्या पाण्यात हात निघतात आणि नळाला हात लावण्याचे कारण उरत नाही. साबण मुळीच नसेल, तेव्हा चुलीतील स्वच्छ राख चालेल. माती मात्र वापरू नये, कारण तिच्यात जंताची अंडी असू शकतात.

शौचानंतर आणि खाण्यापूर्वी या दोन वेळा सर्वांत महत्त्वाच्या. साबणाने हात धुण्याची सवय लागल्यास जुलाबाचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. लहान मुलाच्या बाबतीत वारंवार होणारे जुलाब म्हणजे खाल्लेले अंगी न लागणे, वजन घटणे आणि शाळा बुडणे. घरातील तान्ह्या भावंडाच्या तर ते जिवावर बेतू शकतात.

दरवर्षी १५ ऑक्टोबर हा दिवस २००८ पासून जागतिक हात धुवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी घोषणा देण्यापेक्षा आठवडाभर आधी बाटल्या भरून ठेवाव्यात आणि त्या दिवशी मुलांनीच आपले तक्ते पालकांना समजावून सांगावेत. खराटा हाती घेऊन गावोगाव स्वच्छता शिकविणाऱ्या गाडगे महाराजांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आधी स्वतः झाडायचे आणि मग सांगायचे, ही त्यांची रीत होती. शाळेतही तीच रीत चालवावी. शिक्षकांनी मुलांच्या रांगेत उभे राहून, २० अंक मोजीत, प्रथम आपले हात धुवावेत.