हातकागदावरील उठावाची अक्षरे

लग्नपत्रिकेवरील वधूवरांच्या नावांवरून बोट फिरविले असता अक्षरे किंचित वर आलेली लागतात, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. छापखान्यात हे काम थर्मोग्राफी या पद्धतीने होते. ओल्या शाईवर राळेची बारीक पूड टाकावयाची, अक्षराबाहेरील पूड काढून घ्यावयाची आणि कागद उष्णतेतून न्यावयाचा. पूड वितळते आणि थंड होताच अक्षरांवर टणक, चकचकीत थर बसतो. पूर्वी यासाठी नैसर्गिक राळ वापरीत. आता कृत्रिम राळेची पूड वापरतात. हीच क्रिया यंत्रावाचून, शाळेच्या किंवा बचत गटाच्या मेजावर करता येते. हातकागदाच्या भेटकार्डांसाठी ती विशेष उपयुक्त आहे.

हातकागद महाराष्ट्राला नवा नाही. जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुरा ही कागदनिर्मितीची जुनी केंद्रे होत. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा मागे पडला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्धा येथे ज्या ग्रामोद्योगांना चालना दिली, त्यांत हातकागदही होता. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. चिंध्या आणि कापडाची कात्रणे यांपासून बनणाऱ्या या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही. तथापि कोरा कागद विकून कारागिराच्या पदरी थोडेच पडते. त्याच कागदाचे कार्ड, पाकीट वा निमंत्रणपत्रिका झाली म्हणजे त्याचे मोल वाढते. प्रस्तुत कलेचे महत्त्व या वाढीव मोलात आहे.

कागदाची पारख

प्रथम कागद पारखून घ्यावा. कागदावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो क्षणार्धात मुरून पसरला तर शाईही तशीच फुटेल, असे समजावे. अशा कागदाला पातळ खळ लावून तो सावलीत पूर्ण वाळवावा. पृष्ठभाग खडबडीत असल्यास ठसा तुटक उमटतो. म्हणून कार्डांसाठी घोटलेला, गुळगुळीत कागद निवडावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागद हवेतील ओल शोषून घेतो आणि मग पूड नको तेथे चिकटते. यास्तव कागद कोरड्या पेटीत ठेवावा आणि काम सुरू करण्यापूर्वी त्यावरून कोमट इस्त्री फिरवावी.

उठावाची कृती

साहित्य मोजकेच लागते : रबरी किंवा लाकडी ठसा, सावकाश सुकणारी ग्लिसरीनयुक्त शाई, एम्बॉसिंग पावडर, कोरडा मऊ कुंचला आणि उष्णतेचे साधन. कचेरीतील नेहमीच्या पॅडची शाई हातकागदात चटकन मुरते व पूड धरून ठेवीत नाही.

कागदावरून शंखजिऱ्याच्या पुडीची पुरचुंडी हलकेच फिरवावी, म्हणजे एम्बॉसिंगची पूड इतरत्र चिकटत नाही. नंतर ठसा सरळ दाबून सरळच उचलावा. शाई ओली असतानाच त्यावर पूड भरपूर टाकावी, कागद तिरका करून मागून टिचकी मारावी आणि जादा पूड दुसऱ्या कागदावर घेऊन पुन्हा बाटलीत भरावी. रेषांबाहेर राहिलेले कण कुंचल्याने दूर करावेत. वितळल्यानंतर ते काढता येत नाहीत.

उष्णतेसाठी हीट गन उत्तम. केस वाळविण्याचे यंत्र उपयोगी पडत नाही. त्याचा वारा जोराचा आणि उष्णता अपुरी असल्याने पूड वितळण्यापूर्वीच उडून जाते. हीट गन नसल्यास विजेच्या शेगडीवर तवा तापवावा आणि कार्ड छापाची बाजू वर ठेवून, लांब चिमट्यात धरून, तव्याच्या थोडे वर फिरवावे. कागद ज्योतीवर थेट कधीही धरू नये. पुडीचा मंद रवाळपणा जाऊन ती चकाकू लागली की काम झाले. उष्णता कमी पडल्यास अक्षर खरखरीत राहते. ती अधिक झाल्यास राळ कागदात मुरून अक्षर सपाट होते, भोवती तेलकट डाग पडतो आणि कागद पिवळा होतो.

रंगरोधनाची कृती

राळेचा थर पाण्यातील शाईला कागदापर्यंत पोहोचू देत नाही. या गुणावर दुसरी कृती आधारलेली आहे. पांढऱ्या कागदावर रंगहीन शाईने ठसा उमटवून त्यावर पारदर्शक पूड वितळवावी. थर थंड झाल्यावर पाण्यात विरघळणारी शाई स्पंजाने गोलाकार चोळावी. प्रथम फिकी, मग गडद. राळेवर साचलेले थेंब किंचित ओलसर फडक्याने टिपताच रंगीत भूमीवर पांढरे चित्र स्पष्ट दिसू लागते. स्पिरिट किंवा तत्सम द्रावकातील शाई येथे चालत नाही. ती राळेलाही चिकटते.

चकाकी नको असल्यास कार्ड कोऱ्या, शोषक कागदांच्या घड्यांत ठेवून वरून इस्त्री फिरवावी. राळ त्या कागदात उतरते आणि कार्डावर सपाट पांढरे चित्र राहते. बाटिकच्या कापडावर मेण, राजस्थानातील दाबू छपाईत मातीचा लेप आणि येथे राळ. द्रव्य वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे. ज्या जागी रंग नको ती आधी राखावयाची आणि मग रंग द्यावयाचा.

हे तत्त्व शिकविण्यासाठी विकतच्या पावडरीची गरज नाही. कोऱ्या कागदावर मेणबत्तीच्या तुकड्याने चित्र काढून वरून पातळ जलरंग फिरविला की न दिसणारे चित्र प्रकट होते. त्यात बारीक अक्षरे साधत नाहीत. परंतु मुलांचा हात व नजर तयार होण्यास ते पुरेसे आहे. मेणबत्तीवर हात बसल्यावरच पावडरीवर खर्च करावा.

दक्षता

तापविण्याचे काम लहान मुलांकडे देऊ नये. ते शिक्षकाने किंवा प्रशिक्षित प्रौढाने करावे. खोलीची खिडकी उघडी असावी, कारण राळ अधिक तापल्यास धूर होतो. जवळ पाण्याची बादली असावी आणि विजेच्या साधनाला ओला हात लावू नये. राळ बसलेली कात्रणे लगद्यासाठी परत देऊ नयेत. ती वेगळी ठेवावीत, अन्यथा नव्या कागदात डाग पडतात.

हिशेब

हातकागदाचा २२ × ३० इंचांचा ताव घेतल्यास ५ × ७ इंचांची, घडीची ९ कार्डे निघतात. कारण उघडे कार्ड १० × ७ इंचांचे होते. तावाच्या किमतीला ९ ने भागले की कागदाचा खर्च मिळतो, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दोन कार्डे बिघडली तर भागाकार ७ ने करावा लागतो. त्यात पाकीट, शाई, पूड, वीज आणि मुख्यतः मजुरी मिळवावी. एक कार्ड पुरे होण्यास लागणारी मिनिटे घड्याळ लावून मोजावीत. मजुरी शून्य धरून दाखविलेला नफा हा नफा नव्हे. ते गटातील स्त्रियांचे फुकट गेलेले श्रम होत.

कौशल्य आले म्हणजे विक्री झाली, असेही नाही. प्रशिक्षणाचे वर्ग संपतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि ठसे फडताळात पडून राहतात. असे होऊ नये यासाठी पहिले गिऱ्हाईक जवळचेच हवे. प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिनाची निमंत्रणे, शिक्षकांचे निरोप समारंभ, गुणवंत विद्यार्थ्यांची अभिनंदनपत्रे यांसाठी ग्रामपंचायत आणि शाळा यांना पत्रिका लागतातच. त्यांतील थोड्या जरी गावच्या गटाकडून, रास्त दराने आणि वेळेवर पैसे देऊन घेतल्या, तरी गटाला पहिल्या वर्षाचा आधार मिळतो. नमुना चांगला ठरल्यास तालुक्याच्या बाजारात जाण्याचे धैर्य येते.

शालेय शिक्षणात श्रमाला स्थान असावे, ही अपेक्षा कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाच्या रूपाने मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले, ते स्थानिक कारागिरांच्या सहवासात हस्तव्यवसाय शिकण्यासाठीच. त्यांतील एक दिवस या कामासाठी देता येईल. सकाळी कागदाची पारख आणि मेणबत्तीचे चित्र, दुपारी शिक्षकांकडून उठावाचे प्रात्यक्षिक, आणि अखेरीस हिशेब. हा हिशेब मुलांनी स्वतःच फळ्यावर मांडावा. वस्तूची किंमत कोठून येते आणि तीत माणसाच्या हाताचा वाटा किती, हे एकदा उमगले म्हणजे बाजारात घासाघीस करतानाही ती मुले कारागिराचा विचार करतील.